हात छातीवर

"हात छातीवर! बोटं फाकवा, नीट दिसली पाहिजेत!" पप्पा ओरडले.

श्रीरामपूरच्या त्या अंगणात लग्नाआधीच्या फोटोसाठी सगळ्यांनी पंजे छातीवर ठेवले. मागं थर्माकोलची अक्षरं: सायमन – प्रार्थना, १९९४. मधल्या खुर्चीत खापरपणजोबा योहान यांचा चांदीच्या चौकटीतला फोटो. त्यांचेही हात तसेच. तो बाप्तिस्म्याच्या दिवशीचा, असं घरात सांगत. तेव्हापासून या घराण्याचा प्रत्येक फोटो असाच निघायचा. तान्ह्या बाळाचेसुद्धा हात कुणीतरी धरून ठेवायचं.

नवरदेव सायमनचे हात मात्र खालीच.

दहावीतल्या एलिझाबेथनं ते बरोब्बर टिपलं. आपल्याला चेहरे वाचता येतात, हा तिचा नवाकोरा शोध होता. योहानबाबांचे डोळे कसे, देवापुढं उभ्या माणसाचे! आणि सायमनचे? चोराचे. सकाळपासून तो त्या फोटोलाच न्याहाळत होता. "खालून कापलाय का हो हा?" असंही त्यानं विचारलं होतं. नगरच्या संग्रहालयात नोकरी. जुन्या वस्तूचं मोल याला नाही कळणार तर कुणाला?

"ताई, दाजींचं काही खरं दिसत नाही."

"गप गं, इन्स्पेक्टर!" प्रार्थना हसली. मग हळूच म्हणाली, "कालपासून माझ्याशीही धड बोलला नाही गं. लग्न मोडायचं तर नसेल ना मनात?"

फोटो काढणाऱ्या छगनकाकांचा रोल संपला. ते नवा भरेपर्यंत एलिझाबेथ आत सटकली आणि तिनं सायमनची बॅग उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेले योहानबाबा!

सापडला चोर! ओरडायला तिनं तोंड उघडलं आणि खिडकीतून बाहेर बघितलं. खुर्चीत योहानबाबा जागच्या जागी होते.

हातातला फोटो मात्र खालच्या बाजूला जरा जास्त होता, न कापलेला. छातीखाली पाटी, पाटीवर नंबर. मागं संग्रहालयाची चिठ्ठी: 'पोलिसांनी काढलेला फोटो, १८८३. दरोड्यातला संशयित. ओळख पटावी म्हणून बोटं दिसतील असे हात छातीवर.'

"परवा प्रदर्शन आहे," दारात उभा सायमन म्हणाला. "त्याआधी खात्री करायची होती. झाली."

"मग... पप्पांना सांगणार? लग्न मोडणार?"

फोटो गुंडाळून त्यानं बॅगेत ठेवला. बाहेरून छगनकाकांची हाक आली.

सायमन प्रार्थनाशेजारी जाऊन उभा राहिला. पप्पा ओरडायच्या आधीच त्याचे दोन्ही पंजे छातीवर होते, बोटं फाकवून.