सरांच्या शुभहस्ते

"सर, डावी डिस्क काढायची. ती मरायला टेकलीय," शाल्मलीने पुन्हा बजावलं. तिच्या पीएच.डी.चा सगळा डेटा प्रयोगशाळेतल्या लिनक्स सर्व्हरवर होता. त्यात दोन डिस्क. एकीवर जे, तेच दुसरीवर.

पण नवी डिस्क विभागप्रमुख शेजवलकर सरांच्या शुभहस्ते बसणार होती. हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला. फोटोग्राफर उजवीकडे उभा होता, म्हणून सरांनी ओल्या हाताने उजवीच डिस्क उपसली.

"सर, ती चांगली होती!"

"अगं, दोन्ही सारख्याच ना? तूच म्हणालीस."

सर्व्हरमध्ये उरलेली डावी डिस्क करकरली आणि बंद पडली. आता डेटा फक्त सरांच्या हातातल्या डिस्कवर होता, आणि सरांनी ती जिंकलेल्या ढालीसारखी उंच धरली होती.

"हसा बघू सगळे! शाल्मली, तूसुद्धा."

शाल्मली हसली. प्रबंधावर त्यांची सही अजून व्हायची होती.