कांदेनवमीचं रडू

कांदेनवमीच्या भज्यांसाठी परातभर कांदे चिरता चिरता ऋजुताच्या गालांवरून धारा वाहू लागल्या, तशा तिच्या सासूबाई हादरल्या. लग्न झाल्यापासून कांद्याने या सुनेच्या डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. म्हणून तर घरचे सगळे कांदे तिच्या वाट्याला आले होते. आता ही रडतेय म्हणजे दुखणं कांद्यापलीकडचं, आणि ते देणारा घरात एकच.

"निनाद, काय बोललास हिला?"

"काही नाही, आई."

"काही बोलतच नाहीस, तेच तर. माफी माग."

संसारात मुरलेल्या निनादने कारण न विचारता बायकोची माफी मागितली.

ऋजुताला हसू फुटलं. "अहो आई, डोळे कोरडे पडून टोचत होते, म्हणून डॉक्टरांनी लेन्स बंद करून चष्मा दिलाय. इतके दिवस लेन्समुळेच कांदा झोंबत नव्हता."

सकाळपासून तो चष्मा सासूबाईंनी फॅशनच्या खात्यात टाकला होता. त्यांचा जीव भांड्यात पडला. मग तिच्या हातातली सुरी काढून त्यांनी ती लेकाच्या हातात ठेवली.

"माफी मागितलीच आहेस, तर वाया कशाला घालवायची? चीर आता."