कोयत्याची झडती

"आमचा कोयता मोडलाय, बाई. तेवढा जोडून द्या," पुंजाराम पुन्हा तेच म्हणाला आणि त्यानं भाकरीचं ताट बाजूला सारलं.

दिपालीनं ताट पुन्हा त्याच्यापुढं सरकवलं. तिसगावजवळच्या या वृद्धाश्रमाची व्यवस्थापक म्हणून ती पुण्याहून नुकतीच आली होती. म्हातारी माणसं नातवाचा फोटो मागतात, तपकीर मागतात. हा बाबा चक्क कोयता मागतोय! आला तेव्हा कसा हसतमुख होता. बायकोचं, केशरबाईचं, गाठोडंसुद्धा स्वतःच्याच डोक्यावर घेऊन आलेला. नियमाप्रमाणे तो पुरुषांच्या हॉलमध्ये गेला, ती बायकांच्या. जेवणाच्या पंगतीही वेगळ्या. तेव्हापासून त्याचं बिघडलंच. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. काय होतंय विचारावं, तर एकच उत्तर, कोयता.

बरं, कोयत्याचं हा करणार काय? राग म्हणावा, तर कुणाशी भांडण नाही. जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर? दिपालीला काही म्हणता काही सुचेना. तिनं त्याची गादी उलटली, पेटी उपसली. कोयता सोडा, साधा चाकू सापडला नाही. शेवटी तिनं त्याच्या मुलाला, कल्याणला, फोन लावला. तो बायकोला घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेला होता.

"तुमच्या वडिलांना घेऊन जा. मला ही जोखीम नको."

"म्याडम, घराला कुलूप हाय. आबाला ठिवू कुठं?"

तिला वाईट वाटलं, पण भीती त्याहून मोठी होती. "उद्या या," म्हणून तिनं फोन ठेवला आणि तशीच बायकांच्या हॉलमध्ये शिरली. न जाणो, केशरबाईच्या गाठोड्यात असायचा! केशरबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनंही ताटाला हात लावला नव्हता.

"आजी, आजोबांचा कोयता कुठं लपवलाय? खरं सांगा."

केशरबाई उठून बसली. मग पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"मालक लाजत्यात, बाई. ह्या वयात बायको जवळ पायजे, असं कोन्या तोंडानं म्हनत्याल? आमच्या ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हनत्यात. तुमीच त्याचे दोन तुकडे करून दोन हॉलात टाकलेत, अन् आता तुमीच हुडकत फिरताय!"