पलीकडला कोपरा

दुपारी उष्णतेची लाट, नंतर वादळी पाऊस, असा हवामानाचा अंदाज होता. धुरपताने त्यातलं ऊन तेवढं मनावर घेतलं. वऱ्हाडाला चटके नकोत म्हणून अंगणातल्या उन्हाळी धानाच्या ढिगावरची ताडपत्री काढून लेकीच्या मांडवावर ताणली. लग्न लागलं अन् वैनगंगेकडून काळं आभाळ चढलं. धुरपताने पदर खोचला आणि ताडपत्रीचे दोर सोडायला घेतले. नवरदेवाचा मामा गरजला, "अवो, वऱ्हाड भिजन ना!" "वऱ्हाड भिजलं तं वाळते, भाऊ. धान भिजला तं कोंब फुटते त्याले." उतरलेल्या ताडपत्रीवर पाय रोवून तो म्हणाला, "मंग नवरी इथंच ठेवून जातो आमी!" "खुशाल जा. पयले पाय काढा." मामाने पाय काढला. ढिगावर अंथरलेली ताडपत्री वाऱ्याने फडफडू लागली. लेक हारासकट एका कोपऱ्यावर बसली आणि नवऱ्यावर ओरडली, "पाहून काय राहिले जी? पलीकडला कोपरा तुमचा!"