अध्यक्षांची खुर्ची

भिवाजींनी रेल्वेचा काळा कोट खुंटीला अडकवला आणि मगच ते ओट्यावरच्या हातांच्या खुर्चीत बसले.

"काढा, काढा. कोट घालून अध्यक्षाच्या खुर्चीत बसान त सरकार नोकरी खाईन," पंजाबराव म्हणाले. सगळे हसले. हा विनोद दर बैठकीला होई.

पंजाबराव वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे सचिव, दौलतराव कोषाध्यक्ष. वसतिगृह तालुक्याला, मालेगावला, पण त्याचे सगळे ठराव जऊळक्यातल्या या ओट्यावर होत, कारण भिवाजी इथल्याच स्टेशनवर तिकिटं देत. त्यांची लिला अकोल्याला कॉलेजात शिकवायची. तरी सुट्टीत घरी आली की बैठकीचा चहा तिनेच द्यायचा. चहा द्यायचा आणि तोंड उघडायचं नाही, असं बाबांनी लहानपणीच सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशीचा ठराव लहानसा होता. वसतिगृहातल्या मुलींच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या आणि तिथं दौलतरावांची सरकी ठेवायची.

"पोरी कुठं जातीन?" भिवाजींनी विचारलं.

"घरी. तशाबी लग्नं होऊन जातात," दौलतराव म्हणाले. "साऱ्याच काई तुमच्या लिलासारख्या पुस्तकात नाक खुपसून नाई राहत."

लिलाने त्यांच्यापुढे कप ठेवला. थोडा चहा बशीत सांडला.

"ठराव झाला समजा. सायेब, अध्यक्षाची सही तेवढी पायजे," पंजाबराव म्हणाले.

भिवाजींनी ठरावाची वही उचलली. सहीसाठी ती ते नेहमी आत नेत. ओट्यावर उजेड पुरत नाही म्हणत. परत आलेल्या पानाला कधीकधी पिठाचं बोट लागलेलं असे. "जेवता जेवता सही करता काय?" पंजाबराव विचारत आणि सही न वाचताच वही मिटत.

आत लिलाची आई भागिरथाबाई भाकरी थापत होत्या. थापांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात.

भिवाजी बाहेर आले. "आज नाई होत."

"काहून?"

"आज नाई."

"अध्यक्षच अडून बसले त संस्था कशी चालन?" दौलतराव म्हणाले.

भिवाजी नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी यायच्या आधी ते तिकिटाच्या खिडकीमागे कोसळले. बाहेर उभा माणूस बराच वेळ वाशीमचं तिकीट मागत राहिला.

भिवाजींचा जलदान विधी आटोपला. भंतेजी गेले, लोक पांगले. पंजाबराव आणि दौलतराव बसून राहिले. दौलतरावांनी हातांची खुर्ची स्वतःकडे ओढून घेतली आणि आत हाक दिली, "वैनी, चहा होईन काय?"

भागिरथाबाई चुलीपुढे जाऊन बसल्या.

शोकाविषयी लिलाने पुष्कळ वाचलं होतं. त्यात कुठेच सरकी नव्हती.

"बेटा, दुःखाची घडी आहे, पण कायदा थांबत नाई," पंजाबराव तिच्याकडे न पाहता म्हणाले. "संस्थेले अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, तिघं लागतात. एक पद रिकामं झालं. दौलतराव अध्यक्ष होतीन, त्यायचा भाचा कोषाध्यक्ष. आजच उरकून टाकू."

"आन् पोरींच्या खोल्या?"

"ते त पहिल्याच सहीत होऊन जाईन." दौलतरावांनी खुर्चीच्या हातांवर हात पसरले. "तुहे बाबा भले माणूस. पण जाता जाता अडून बसले."

"बाबा नव्हते अडले."

"मंग कोन अडलं?"

लिलाने आत पाहिलं. भागिरथाबाई चुलीपुढून तिच्याचकडे पाहत होत्या. त्यांनी गप्प राहण्याची खूण केली नाही.

"खुर्चीवरून उठा, दौलतकाका," लिला म्हणाली. "बाबांची सरकारी नोकरी, म्हणून वहीत अध्यक्षाची सही पयलेपासून आईचीच हाये. अध्यक्ष जित्या हायेत. आत तुमच्यासाठी चहा करून राह्यल्या."