ड्वेननं भरलेली काडतुसं

पहिलंच काडतूस उचललं आणि ते एमेटच्या बोटांना चिकटलं. खिडकीपाशी धरून पाहिलं तर पितळेवर वंगणाचा पिवळट थर, आणि त्यात कुत्र्याचा एक केस. वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याआधी साच्यात दाबताना अडकू नये म्हणून हे वंगण लावतात, आणि काम झालं की पुसून टाकतात. नाही पुसलं तर धूळ धरतं. शिवाय बार उडाला की सगळा धक्का बंदुकीच्या बोल्टवर, म्हणजे मागच्या खिट्टीवर येतो, नेम धरणाऱ्याच्या गालापासून चार बोटांवर.

अशी वीस होती. टेसा सकाळी डबी गॅरेजच्या बाकावर ठेवून गावात गेली होती. "बाबानं भरून दिलीत," एवढंच म्हणाली. मोंटानाभर उद्या हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता, आणि त्यासाठीच ती कॉलेजातून चार दिवस घरी आली होती.

टेसाचा बाबा म्हणजे ड्वेन, मार्लाचा पहिला नवरा. मार्लाशी लग्न करून एमेट या घरात आला त्याला आठ वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत त्याचं नि ड्वेनचं बोलणं म्हणजे गाडीच्या काचेतून मान हलवणं. ड्वेन पीत असे. आता सोडली, असं टेसा सांगायची.

दुसऱ्यानं भरलेलं काडतूस बंदुकीत घालू नये, असं एमेटचा बाप म्हणायचा. एमेटनं कपाटातून स्वतः भरलेला एक डबा काढला, शेजारी ठेवला. थोडा वेळ दोन्हींकडे पाहत बसला. मग फडक्याला स्पिरिटचा थेंब लावला आणि ड्वेनचीच पुसायला घेतली.

पुसणं त्याला जड नव्हतं. पण जो माणूस वंगण पुसायला विसरतो, तो बंदुकीची दारू एकदा भरल्याचं विसरून दोनदाही भरू शकतो. निम्म्यावर थांबून त्यानं दोन काडतुसं फोडली आणि आतली दारू तराजूवर ओतली. डबीच्या लेबलावर लिहिली होती तेवढीच निघाली, कणाचाही फरक नाही. पण दोन बरोबर निघाली म्हणून सगळीच बरोबर, असं थोडंच असतं.

तो स्वयंपाकघरात गेला. मार्ला सफरचंदं चिरत होती.

"ड्वेनचा नंबर दे."

"तुला? ड्वेनचा?" तिनं सुरी खाली ठेवली. "थांब, माझ्या फोनवरून लाव. तुझा तो उचलायचा नाही."

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. "टेसाला काय झालं?"

"काही नाही. ठीक आहे ती. मी एमेट. काडतुसांचं विचारायचं होतं. चिकट आहेत."

"असणारच."

एमेट फोन घेऊन गॅरेजात आला. दार लोटून घेतलं. "ड्वेन, भरताना शुद्धीत होतास?"

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज.

"दोन वर्षं आणि पाच महिने झाले," ड्वेन म्हणाला. "एकेक मोजून भरलंय. प्रत्येकाच्या बुडावर आकडा घातलाय बघ. आणि पुरं झालेल्या काडतुसाचं वजन माझ्या वहीत आहे. कुठलंही विचार."

एमेटनं न पुसलेलं एक उचललं, अंगठ्यानं बूड घासलं आणि तराजूवर ठेवलं. "तेरा."

ड्वेननं आकडा वाचला. तराजूवर तोच होता.

"एकोणीस."

तोही बरोबर.

मग पुसलेलं एक ठेवलं. "चार."

ड्वेननं वाचलं. एमेटनं तराजूकडे पाहिलं. "केसभर कमी भरतंय."

"पुसलंस ना ते?"

"पुसलंय."

"मग वंगणाचं वजन गेलं."

एमेटनं आणखी एक पुसलेलं ठेवलं. तेही तितकंच कमी. अठराच्या अठरा होईपर्यंत तो थांबला नाही, आणि ड्वेननंही वही मिटली नाही. शेवटचं उतरवल्यावर एमेटच्या लक्षात आलं की आपण मघापासून उभेच आहोत. तो स्टुलावर टेकला.

"बरोबर आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. पण विचारलंस ते बरं केलंस."

"मग पुसली का नाहीस?"

"ते टेसाचं काम. सहा वर्षांची असल्यापासून. मी भरायचो, ती समोर बसून पुसायची. या खेपेला म्हणाली, घरी नेऊन पुसेन, एमेटबरोबर." ड्वेन खाकरला. "मला वाटलं, तुला बोलली असेल."

"नाही बोलली."

"आईवर गेलीय. किती पुसलीस तू?"

"नऊ."

"मग उरलेली ठेव तिला."

बाहेर टेसाची गाडी येऊन थांबली. एमेटनं फोन ठेवला, स्वतःचा डबा परत कपाटात टाकला. टेसा आत आली ती थेट बाकापाशी. पुसलेली रांग पाहिली, मग फोडलेल्या दोन पुंगळ्या.

"माझ्यासाठी थांबता नाही आलं ना तुला?"

"तुझ्या बाबाची दोन फोडली मी," एमेट म्हणाला. "खात्री करायला. रागावू नकोस."

"दोनच?" टेसानं दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या हातातलं फडकं घेतलं. "बाबा म्हणालेला, तो माणूस पाच तरी फोडून बघेल. म्हणून पाच जास्तीची भरलीत."