सतरावा केक

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सविलच्या प्रवाळ संशोधन केंद्रात एक रीतच पडली होती. तिथल्या कॉलिननं लिहिलेलं प्रवाळ मोजायचं सॉफ्टवेअर ज्याच्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होईल, त्यानं सकाळच्या चहाला केक आणायचा. सहा वर्षांत दोनच केक आले होते.

"चाळीस पानी सूचना लिहून दिल्यात! वाचायला नको, दुसरं काय," कॉलिन टोमणे मारायचा.

शेवटी त्याची सहकारी ब्रॉनविन हिनं तीन महिने खपून त्या सगळ्या जंजाळाचं एक पॅकेज केलं. एक ओळ टाइप केली, की काम फत्ते.

सोमवारी टेबलावर सोळा केक! नुसता धिंगाणा; ब्रॉनविनच्या नाकालाही क्रीम. तेवढ्यात कॉलिन आला, हातात सतरावा केक घेऊन.

"तू कशाला आणलास? तुझंच तर सॉफ्टवेअर!" ब्रॉनविन म्हणाली.

"नवा कॉम्प्युटर घेतल्यापासून," तो हळूच म्हणाला, "मलाही जमलं नव्हतं गं."